पंडिता रमाबाई : अनेक पंथांच्या ऋणातून एका ख्रिस्ताकडे

दरवर्षी १८ ते २५ जानेवारी या आठवड्यात जगभरातील ख्रिस्ती लोक परस्परांतील ऐक्यासाठी प्रार्थना करतात. अमेरिकेतील फादर पॉल वॉटसन या अँग्लिकन धर्मगुरूंनी १९०८ साली या प्रार्थनेचा आरंभ केला आणि पुढच्याच वर्षी ते आपल्या सहकाऱ्यांसह कॅथोलिक ख्रिस्तसभेत आले. एका पंथात पेरलेले बी दुसऱ्या पंथाच्या अंगणात वाढावे, असे या प्रार्थनेच्या जन्मातच घडले आहे. आपल्या धर्मग्रामांतूनही या आठवड्यात ऐक्यासाठी प्रार्थना होते. परंतु शेजारच्या चर्चमध्ये देवाने असे कोणते दान ठेवले आहे की जे आपण त्यांच्याकडून घ्यावे, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. हा प्रश्न जिने आयुष्यभर जगून दाखवला, अशी एक थोर स्त्री आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेली. तिचे नाव पंडिता रमाबाई. रमाबाई कॅथोलिक नव्हत्या, आणि आपल्या परंपरेतील काही गोष्टींविषयी त्यांच्या मनात तीव्र शंका होत्या. तरीही, किंबहुना त्यामुळेच, त्यांचे चरित्र आपण कॅथोलिकांनी लक्षपूर्वक वाचावे असे आम्हांला वाटते.

पुराणिकाची कन्या

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी आजच्या कर्नाटकातील सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मोठे विद्वान. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये अशी समाजाची आज्ञा असताना त्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकवले आणि त्यापायी लोकांचा रोष ओढवून घेतला. पुढे आईनेच रमाबाईंना शिकवले. हे कुटुंब पुराणे सांगत, तीर्थयात्रा करीत देशभर भटकत असे. भागवताचे हजारो श्लोक लहानग्या रमेला मुखोद्गत होते.

१८७०च्या दशकातील भीषण दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण दगावली. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमा, अन्नपाण्यावाचून पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोचली. तेथील विद्वानांनी या तरुणीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी जातिबंधन मोडून नोंदणी विवाह केला. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीचे पटकीने निधन झाले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. कडेवर तान्ही मुलगी होती आणि आईवडील, भाऊ यांपैकी कोणीही उरले नव्हते.

शुभवर्तमान हाती कसे आले

रमाबाईंच्या हाती शुभवर्तमान प्रथम आले ते आसाममधील सिलचर येथे, पतीच्या घरी. तेथील पुस्तकांत त्यांना संत लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सापडली. गावातील बाप्तिस्त मिशनरी घरी येत आणि उत्पत्तीच्या पुस्तकातील सृष्टिकथा समजावून सांगत. ही पहिली ओळख. बायबल लोकांच्या बोलीत आणण्यासाठी बाप्तिस्त मिशनऱ्यांनी बंगालमध्ये जे अपार कष्ट केले, त्यांचे हे फळ होते.

वैधव्यानंतर रमाबाई पुण्यास आल्या. १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले आणि सरकारच्या शिक्षण आयोगापुढे, म्हणजे हंटर कमिशनपुढे, स्त्रियांना स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर हव्यात अशी साक्ष दिली. त्याच काळात त्यांनी एका अँग्लिकन मिशनरी बाईंकडे मराठी नव्या कराराचा अभ्यास सुरू केला. फादर नेहेम्या गोऱ्हे यांची ओळखही याच सुमारास झाली. गोऱ्हे मूळचे काशीतील चित्पावन पंडित. १८४८ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. रमाबाईंच्या शास्त्रीय शंकांना शास्त्रानेच उत्तर देऊ शकेल असा हा माणूस होता. त्यांच्या पत्रांनी रमाबाईंच्या बुद्धीचे समाधान केले, हे त्यांनी पुढे कृतज्ञतेने नमूद केले आहे.

वाँटेजच्या धर्मभगिनी

१८८३ मध्ये रमाबाई मनोरमेसह वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील धर्मभगिनींच्या मठात राहिल्या. तेथेच २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. कमी ऐकू येत असल्याने डॉक्टर होण्याचा त्यांचा मनोदय मात्र सोडून द्यावा लागला.

या वाँटेजच्या मठाविषयी आपण थोडे थांबून विचार केला पाहिजे. सोळाव्या शतकात राजा आठव्या हेन्रीने इंग्लंडमधील मठ बंद केले आणि पुढची तीनशे वर्षे अँग्लिकन चर्चमध्ये धर्मभगिनींचे व्रतस्थ जीवन जवळजवळ नाहीसेच झाले होते. एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्ड येथील धर्मपंडितांनी प्राचीन ख्रिस्तसभेच्या परंपरेकडे पुन्हा वळण्याची चळवळ उभारली. त्या चळवळीच्या प्रेरणेने, कॅथोलिक संघांचा आदर्श समोर ठेवून, अँग्लिकन धर्मभगिनींचे संघ नव्याने उभे राहिले. वाँटेजचा संघ १८४८ साली स्थापन झाला. त्या धर्मभगिनींची नियमित प्रार्थना, व्रते आणि दयाकार्ये यांच्या मुळाशी जी परंपरा होती, ती आपल्याही धर्मभगिनी जपत आल्या आहेत.

या भगिनींनी एकदा रमाबाईंना हवापालटासाठी लंडनमधील फुलहॅम येथील आपल्या आश्रमात पाठवले. समाजाने पतित म्हणून दूर लोटलेल्या स्त्रियांची सेवा तेथे चालत असे. आपल्या देशात अशा स्त्रीला केवळ शासन असते, ती दयेला पात्र ठरू शकते असे कोणी मानीत नाही, हे रमाबाईंना ठाऊक होते. येथे मात्र शीलवान, सुशिक्षित स्त्रिया त्या अभागिनींना जवळ घेत होत्या. असे का, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना संत योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. विहिरीकाठी एका बहिष्कृत स्त्रीशी बोलणारा ख्रिस्त रमाबाईंना त्या दिवशी दिसला आणि भारतातील पीडित स्त्रियांना तोच वर उचलू शकेल अशी त्यांची खात्री पटली. बुद्धीची कवाडे फादर गोऱ्ह्यांनी उघडली होती. अंतःकरणाचे दार उघडले ते धर्मभगिनींच्या सेवेने.

प्रश्न विचारणारी शिष्या

यानंतर रमाबाई चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात शिकू व शिकवू लागल्या. तेथे राहून त्यांनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी जो दीर्घ पत्रव्यवहार केला, तो दोन्ही बाजूंनी वेदनेचा होता. सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. शिष्येने चर्चची शिकवण नम्रपणे स्वीकारावी, अशी त्यांची अपेक्षा. रमाबाई मात्र त्रैक्याविषयी, कुमारी मरियेच्या ख्रिस्तगर्भाविषयी, बिशपांच्या अधिकाराविषयी एकामागून एक प्रश्न विचारीत राहिल्या. शुभवर्तमानात जे सापडेल तेच मानीन, हा त्यांचा आग्रह होता.

लहानसहान गोष्टींतही मतभेद झाले. रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही, तेव्हा तो त्यांचा जातीचा अभिमान समजला गेला. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे होती. ती संस्कृत का नसावीत, लॅटिनमध्ये असे काय पवित्र आहे की जे आमच्या प्राचीन भाषेत नाही, असे त्यांनी विचारले. कॉलेजात त्या पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवणार असे ठरले, तेव्हा भारतातील अँग्लिकन बिशपांनी हरकत घेतली. मायदेशी अशा स्त्रीची बदनामी होईल, अशी त्यांना भीती वाटली. ज्या विदुषीने कलकत्त्याच्या पंडितसभेत शास्त्रार्थ केला होता, तिला हा निर्बंध पटणे शक्य नव्हते. भारतीय पुरोहितवर्गाच्या जोखडातून आपण मोठ्या कष्टाने सुटलो आहोत, आता दुसऱ्या पुरोहितवर्गाचे जोखड मानेवर घेणार नाही, अशा आशयाचे त्यांनी स्पष्ट कळवले.

हे शब्द आपल्यालाही बोचतात. ते बोचावेत असेच आम्हांला वाटते, कारण अधिकार आणि सेवा यांत अंतर पडले की श्रद्धावंतांच्या मनात हाच प्रश्न उभा राहतो. परंतु सिस्टर जेराल्डिन यांची बाजूही केवळ हट्टाची नव्हती. विश्वास ही एकट्या माणसाने पुस्तकातून शोधून काढलेली वस्तू नाही. प्रेषितांपासून ती हातोहात चालत आली आहे, आणि जी गोष्ट आज आपल्या बुद्धीला पटत नाही तीही ख्रिस्तसभेच्या विश्वासात धीराने धरून ठेवावी लागते, हे त्यांना सांगायचे होते. एकीने सद्सद्विवेकाचा मान राखला, दुसरीने परंपरेचा. दोन्ही गोष्टींवाचून ख्रिस्तसभेचे चालत नाही.

या भांडणाचा शेवट कसा झाला, हे मनाला भिडणारे आहे. मते जुळली नाहीत, पण नाते तुटले नाही. सिस्टर जेराल्डिन मनोरमेवर मायेची पाखर घालीत राहिल्या. त्यांनीच रमाबाईंची पत्रे, आपल्या विरोधात जाणारीसुद्धा, जपून ठेवली आणि एकत्र जुळवली. १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. आज रमाबाईंचे मन आपल्याला कळते ते त्यांच्याशी वाद घालणाऱ्या एका धर्मभगिनीच्या प्रामाणिकपणामुळे.

अमेरिकेतील अनेक चर्चे

१८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या आणि पुढे सुमारे अडीच वर्षे अमेरिकेत हिंडल्या. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या दुःस्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथे अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन. एपिस्कोपल चर्चचे प्रख्यात धर्मोपदेशक फिलिप्स ब्रुक्स आणि मद्यपानविरोधी चळवळीच्या मेथडिस्ट नेत्या फ्रान्सिस विलार्ड यांनीही या कार्याला हात दिला. जी चर्चे एका वेदीसमोर बसू शकत नव्हती, ती एका हिंदू बालविधवेसाठी एका मेजाभोवती बसली.

पंथांच्या बाजारात उभे राहून रमाबाईंना जो गोंधळ जाणवला तो त्यांनी लपवला नाही. प्रत्येक जण बायबलचाच आधार देतो आणि प्रत्येकाचे सांगणे निराळे, यामुळे त्या बाप्तिस्म्यानंतरही कित्येक वर्षे अस्वस्थ होत्या. आपण ख्रिस्ताच्या विश्वव्यापी ख्रिस्तसभेचे आहोत, एखाद्या पंथाच्या नावाचा शिक्का आपल्याला नको, ही त्यांची भूमिका येथे पक्की झाली. आपल्यातील फाटाफुटीची किंमत बाहेरून येणाऱ्या प्रामाणिक साधकाला कशी मोजावी लागते, याचा हा जिवंत दाखला आहे.

शारदा सदन ते मुक्ती

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन ही विधवांची शाळा सुरू झाली. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, ज्या पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई म्हणून ओळखल्या गेल्या. पुढच्याच वर्षी शाळा पुण्यास हलली. धर्माची सक्ती करायची नाही, असा तेथे नियम होता. परंतु रमाबाईंच्या खोलीतील प्रार्थनेला काही मुली आपणहून बसू लागल्या, तेव्हा १८९३ मध्ये मोठा गदारोळ झाला. रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पालकांनी वीसहून अधिक मुली काढून नेल्या.

याच सुमारास रमाबाईंच्या अंतरंगात एक मोठे स्थित्यंतर घडले होते. विल्यम हॅस्लम या अँग्लिकन धर्मगुरूचे आत्मवृत्त त्यांनी वाचले. धर्मगुरू असूनही आपल्याला ख्रिस्त भेटला नव्हता, हे हॅस्लमना अनेक वर्षांनी उमगले होते. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण स्वतः ख्रिस्ताला भेटलो का, असा प्रश्न रमाबाईंना पडला. १८९१ मध्ये त्यांनी आपले जीवन सर्वस्वी ख्रिस्ताच्या हाती सोपवले. मनपरिवर्तनावर आणि व्यक्तिगत विश्वासावर भर देणारी ही इव्हँजेलिकल परंपरेची देणगी. जॉर्ज म्यूलर, हडसन टेलर यांची चरित्रे वाचून, निधीसाठी माणसांपुढे हात न पसरता देवावर विसंबून काम करण्याचे धैर्यही त्यांनी त्याच परंपरेकडून घेतले.

या धैर्याची कसोटी लवकरच लागली. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुलींना मृत्यूच्या व त्याहून वाईट दशेच्या तोंडातून सोडवून आणले. दौंड तालुक्यातील केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातील मुली आल्या आणि आश्रमातील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना ही सारी कामे मुलीच करीत. मनोरमेने आंधळ्या मुलींसाठी ब्रेल शिकवण्याची सोय केली. आणि समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी तेथे कृपा सदन निघाले. फुलहॅमच्या त्या आश्रमात जे बी रमाबाईंच्या मनात पडले होते ते केडगावच्या माळावर रुजले. कॅथोलिक परंपरेतून अँग्लिकन भगिनींनी घेतलेली व्रतस्थ सेवा अशा रीतीने एका मराठी स्त्रीच्या हातून आपल्याच मातीत आली.

प्रार्थनेचा पूर

मुक्तीत मिनी अब्राम्स या अमेरिकन मेथडिस्ट बाई काम करीत. १९०५ च्या आरंभी रमाबाईंनी मुलींचे प्रार्थनामंडळ सुरू केले. वेल्समधील आध्यात्मिक संजीवनाच्या वार्ता तोवर भारतात येऊन पोचल्या होत्या. जूनच्या अखेरीस केडगावातही तो पूर आला. शेकडो मुली रडत, पापांची कबुली देत, मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. अशिक्षित मुली गावोगावी सुवार्ता सांगण्यास निघाल्या. बाहेरून टीका झाली, तेव्हा रमाबाईंनी ठामपणे सांगितले की भारतीय स्त्रियांना आपल्या रीतीने देवाला हाक मारण्याचा अधिकार आहे. मिनी अब्राम्स यांनी या अनुभवावर १९०६ मध्ये एक पुस्तिका लिहिली. ती दक्षिण अमेरिकेतील चिली देशात त्यांच्या परिचिताच्या हाती पडली आणि १९०९ मध्ये तेथे पेंटेकोस्टल चळवळ उभी राहण्यास कारण झाली. पुणे जिल्ह्यातील एका खेड्यातील अनाथ मुलींच्या प्रार्थनेची झुळूक जगाच्या दुसऱ्या टोकाला पोचली.

१९६७ साली अमेरिकेतील ड्यूकेन विद्यापीठात काही कॅथोलिक विद्यार्थी आणि प्राध्यापक पवित्र आत्म्याच्या अशाच अनुभवासाठी प्रार्थना करू लागले. त्याआधी त्यांनी पेंटेकोस्टल बंधुभगिनींच्या प्रार्थनेतून आणि पुस्तकांतून प्रेरणा घेतली होती. आज आपल्या धर्मग्रामांतून भरणाऱ्या करिश्माटिक प्रार्थनासभा त्याच प्रवाहातल्या आहेत. टाळ्या वाजवून देवाची स्तुती करताना हे दान कोणाच्या हातून आले, याची आठवण आपण ठेवावी.

मोलकरणीलाही समजेल असे बायबल

रमाबाईंच्या अखेरच्या वर्षांचे मोठे काम म्हणजे बायबलचे भाषांतर. उपलब्ध मराठी बायबल संस्कृतप्रचुर असल्याने खेड्यातील बायकांना नीट कळत नाही, हे त्यांनी पाहिले होते. संस्कृतची ही पंडिता उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकली आणि सुमारे सतरा-अठरा वर्षे खपून सगळे बायबल साध्या मराठीत आणले. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, बांधणाऱ्या साऱ्या मुक्तीतल्याच स्त्रिया. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा आईआधी गेली. हे दुःख पोटात घालून रमाबाईंनी काम चालू ठेवले, शेवटपर्यंत मुद्रिते तपासली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला. समग्र बायबल त्यांच्या मागे प्रसिद्ध झाले. अँग्लिकन परंपरेतील चर्चे आज त्यांचे स्मरण उपासनेच्या पंचांगात करतात, इंग्लंडचे चर्च ३० एप्रिलला आणि अमेरिकेचे एपिस्कोपल चर्च ५ एप्रिलला. ज्या बिशपांच्या चर्चला त्यांनी इतके प्रश्न विचारले, त्याच चर्चने त्यांना आपल्या साक्षीदारांत बसवले.

आपण काय घ्यावे, काय द्यावे

रमाबाईंच्या हिशेबाच्या वहीत पाहिले तर बाप्तिस्तांकडून लोकभाषेतील शुभवर्तमान, अँग्लिकन भगिनींकडून दयेची सेवा, फादर गोऱ्ह्यांकडून विश्वासाची तर्कशुद्ध मांडणी, इव्हँजेलिकलांकडून मनपरिवर्तन, मेथडिस्टांकडून सामुदायिक प्रार्थना अशी जमेची बाजू दिसते. कोणत्याही एका पंथाने त्यांना हे सारे दिले नाही. आणि त्यांनी प्रत्येकाला काहीतरी परत दिले.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी ख्रिस्ती ऐक्याविषयीचा जो आदेश प्रसिद्ध केला, त्यात हेच शिकवले आहे. आपल्यापासून विभक्त झालेल्या बंधुभगिनींत जी खरी ख्रिस्ती धने आढळतात ती आपण आनंदाने ओळखावीत, त्यांतून आपलीही उभारणी होते. १९६५ मधील दैवी प्रकटीकरणाविषयीच्या संविधानाने बायबलची भाषांतरे इतर ख्रिस्ती बांधवांच्या सहकार्याने करण्यासही मुभा दिली. खरे तर आपल्या परंपरेलाही हे नवे नव्हते. फादर थॉमस स्टीफन्स या येशूसंघीय धर्मगुरूंनी १६१६ मध्ये मराठीत ख्रिस्तपुराण छापले, तेव्हा ख्रिस्त आपल्या भाषेत बोलावा हीच त्यांची तळमळ होती. पुढे तो धागा आपल्या हातून सैल झाला, आणि मराठी बायबल घरोघर नेण्याचे काम बव्हंशी प्रॉटेस्टंट बांधवांनी केले, हे आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

रमाबाईंच्या मार्गातही एक उणीव राहिली, असे आम्हांला वाटते. कोणत्याच एका घरात त्या पूर्णपणे वसल्या नाहीत. साक्रामेंतांभोवती जमणाऱ्या, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या ख्रिस्तसभेचा आधार त्यांना मनासारखा लाभला नाही, आणि याचा दोष बव्हंशी तेव्हाच्या चर्चांच्या ताठरपणाकडे जातो. आपल्याजवळ हे घर आहे. प्रश्न विचारणाऱ्या सुशिक्षित मुलीला, वेगळ्या रीतीने प्रार्थना करणाऱ्या तरुणाला, दुसऱ्या पंथातून लग्न होऊन आलेल्या सुनेला त्या घरात मोकळेपणाने बसता येते का, याचे उत्तर प्रत्येक धर्मग्रामाने द्यायचे आहे.

म्हणून येत्या ऐक्य-सप्ताहात प्रार्थनेबरोबर आपण एक लहानसे पाऊल उचलावे, अशी आमची विनंती आहे. शेजारच्या चर्चमधील कुटुंबाला घरी बोलवावे, त्यांच्यासह बायबलचा एखादा उतारा वाचावा, त्यांच्या प्रार्थनेत बसावे आणि त्यांना आपल्या प्रार्थनेत बसवावे. केडगावचे मुक्ती मिशन आजही निराधार स्त्रिया व मुले यांची सेवा करीत आहे. जमल्यास तेथे एकदा जाऊन यावे. शोमरोनी स्त्रीने विहिरीकाठी घागर ठेवली आणि गावात जाऊन ख्रिस्ताविषयी सांगितले. आपणही आपल्या पंथाभिमानाची घागर घटकाभर खाली ठेवली, तर जिवंत पाण्याचा तो झरा एकच आहे हे आपल्याला दिसेल.